समासातली पेन्सिल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात झालेल्या एका लिलावात कॉमिकचं एक पान विकलं गेलं. अख्खा अंक नव्हे, एकच पान. 'सीक्रेट वॉर्स' या मालिकेच्या १९८४ सालच्या आठव्या अंकातलं हे पंचविसावं पान. चित्रकार माइक झेक. स्पायडरमॅनच्या अंगावर प्रथम काळा पोशाख कसा चढला, ती हकीकत या पानावर आहे. बोली चढत चढत ३३ लाख ६० हजार डॉलरवर गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २५ कोटी रुपये. ज्या अंकात हे पान छापलं होतं, तो अंक १९८४ साली पाऊण डॉलरला मिळत होता.

आता एवढे पैसे मोजून घेणाऱ्याच्या हाती नेमकं काय आलं? स्पायडरमॅन आला नाही. ते चित्र पुन्हा छापण्याचा हक्कही आला नाही, तो कंपनीकडेच राहिला. एखाद्या कवीची हस्तलिखित वही आपण विकत घेतली म्हणून त्या कविता छापण्याचा अधिकार काही आपल्याला मिळत नाही, तसंच हे. हाती आला तो जाड ड्रॉइंग पेपरचा एक तुकडा. त्यावर काळी शाई आहे, पेन्सिलच्या पुसट रेघा आहेत आणि चुका झाकायला लावलेला पांढरा रंग आहे. या कागदाला शंभर वर्षांत कसकशी किंमत आली, आणि ती किंमत कुणाच्या पदरात पडली, याची गोष्ट आज सांगायची आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी 'अमर चित्रकथा' वाचल्या असतील. अनंत पै यांच्या या मालिकेसाठी राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी पानंच्या पानं काढली. मुलांच्या हातात पडायचं ते छापलेलं पुस्तक. पण छपाईच्या आधी प्रत्येक पान कुणीतरी टेबलाशी वाकून कागदावर काढलेलं असतं. अमेरिकी कॉमिकच्या धंद्यात या कामाची वाटणी पार कारखान्यासारखी झालेली होती. एक जण पेन्सिलने चित्र काढणार, दुसरा फुग्यांमधली अक्षरं लिहिणार, तिसरा ब्रश आणि निबने शाई फिरवणार. १९६०च्या दशकात मध्यापर्यंत हा कागद छापील पानापेक्षा बराच मोठा, साधारण १२.५ बाय १८.५ इंचांचा असे. पुढे १९६७च्या सुमाराला कंपन्यांनी तो १० बाय १५ इंचांवर आणला. दुरुस्तीच्या सूचना फिकट निळ्या पेन्सिलीने लिहीत, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नसे. काळ्या शाईतल्या पानाचा फोटो काढायचा, त्यावरून छपाईची प्लेट करायची, की झालं. रंग तर नंतर वेगळ्या कागदावर ठरायचे. फोटो निघाला की मूळ पानाचं काम संपलं. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तसं.

परांचीचे बांबू निदान पुढच्या कामाला उपयोगी पडतात. या पानांचा तेवढाही उपयोग कुणाला वाटत नव्हता. अ‍ॅनिमेशनच्या चित्रांचा मात्र होता, आणि गंमत म्हणजे त्या उपयोगापायीच ती नष्ट झाली.

हलत्या चित्रांच्या धंद्याला ज्या युक्तीने बळ दिलं, ती अर्ल हर्ड नावाच्या माणसाची. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची, आणि हलणारं पात्र तेवढं पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर काढून त्यावर ठेवायचं. १९१४च्या अखेरीस त्याने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. या सेल्युलॉइडवरून त्या पत्र्याला 'सेल' हे नाव पडलं. त्याआधी विन्झर मकेने 'गर्टी' या डायनोसॉरच्या १९१४च्या चित्रपटात हजारो कागदांवर दर वेळी सगळी पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा गिरवून घेतली होती. नव्या पद्धतीने हा वेठबिगार वाचला. १९५६ साली डिस्नेकडचे क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आपल्या तरुण चित्रकारांना शिकवायला आले, तेव्हा त्यांनी शिकवली तीही हीच पद्धत.

सेल मात्र महाग होते. त्यामुळे चित्रीकरण झालं की त्यावरचा रंग धुऊन टाकायचा आणि तोच पत्रा पुन्हा वापरायचा, अशी स्टुडिओंची रीत होती. सुरुवातीचे पत्रे नायट्रेटचे, म्हणजे ठिणगी पडली तर भडकणारे. ते साठवून ठेवणं म्हणजे घरात दारूगोळा ठेवण्यासारखंच. धुण्यापलीकडे पोहोचलेले पत्रे कचऱ्यात जात.

१९३७च्या डिसेंबरात डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' आला आणि जगभर गाजला. सॅन फ्रान्सिस्कोतला एक कलादालनवाला, गथ्री कुर्व्हाझिए त्याचं नाव, त्याच्या डोक्यात आलं की हे पत्रे चित्रं म्हणून विकता येतील. १९३८मध्ये त्याने डिस्नेशी करार केला. निवडक सेल कापून, मागे लाकडाचा पातळ पापुद्रा किंवा रंगवलेला कागद लावून, चौकटीत बसवून तो विकू लागला. किंमत काही थोड्या डॉलरांपासून पुढे. १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'स्नो व्हाइट'मधल्या दोन गिधाडांचा सेल आपल्या संग्रहात घेतला. वर्तमानपत्रांना मोठी मजा वाटली. जिथे रेम्ब्रां आहे तिथे कार्टूनची गिधाडं!

या सेलवर कुणाचा हात होता, हे मात्र त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही. वॉल्ट डिस्ने यांनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धातच स्वतः चित्रं काढणं सोडलेलं होतं. अ‍ॅनिमेटर आपली रेखाटनं पेन्सिलने कागदावर करत. कागदावरची रेघ सेलवर शाईने गिरवणं आणि पत्रा उलटा करून मागच्या बाजूने रंग भरणं, हे काम 'इंक अँड पेंट' विभागातल्या मुली करत. शाईची रेघ केसासारखी बारीक आणि थरथर न होता यायला हवी, त्यासाठी महिनोन्महिने हात तयार करावा लागे. म्हणजे भिंतीवर 'डिस्ने' म्हणून जे टांगलं जात होतं, तो प्रत्यक्षात त्यांच्यापैकी कुणा एकीचा हात होता. पडद्यावरच्या नामावलीत त्यांची नावं नव्हती. १९६१च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'पासून पेन्सिलची रेघ झेरॉक्सच्या यंत्राने थेट सेलवर उतरू लागली, आणि शाईच्या रेघेचं ते कसबच बहुतांशी निरुपयोगी झालं.

१९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथल्या 'आर्ट कॉर्नर' नावाच्या दुकानात खरे, चित्रपटात वापरलेले सेल एक-दोन डॉलरला मिळत. सहलीची आठवण म्हणून लोक घेत आणि पोरांच्या खोलीत लावत. १९४०च्या दशकात डिस्ने स्टुडिओत नोकरीला असलेल्या जॉन बॅझमाजिअन नावाच्या गृहस्थाने टाकून दिली जाणारी चित्रं विचारून घरी नेली होती. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजने त्यांचा लिलाव केला आणि बाजार एकदम जागा झाला. पुढच्या पाचच वर्षांत, १९८९मध्ये, 'ऑर्फन्स बेनिफिट' या १९३४च्या लघुपटाचा एक कृष्णधवल सेल २ लाख ८६ हजार डॉलरला गेला.

आणि नेमक्या त्याच वेळी सेलचं युग संपत आलं होतं. १९८९चा 'द लिटल मर्मेड' हा हाताने रंगवलेल्या सेलवर तयार झालेला डिस्नेचा शेवटचा मोठा चित्रपट. १९९०पासून रंग संगणकावर भरू लागले. मग १९९१च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'चे सेल मागणाऱ्यांचं काय? ते खास लिलावासाठी मागाहून हाताने रंगवून तयार करण्यात आले! चित्रपटाने कधीही न वापरलेले चित्रपटाचे सेल. बाजाराला मूळ वस्तू हवी असते, आणि नसेल तर तो ती करवून घेतो. जपानमध्ये दूरदर्शनवरच्या 'साझाए-सान' या मालिकेने २०१३पर्यंत हाताने रंगवलेले सेल चालू ठेवले होते, ते त्या वर्षी थांबले. जुन्या संग्राहकांना आता वेगळीच चिंता आहे. नायट्रेटनंतर आलेले अ‍ॅसिटेटचे पत्रे वयपरत्वे कुजतात, त्यांना व्हिनेगरचा आंबूस वास येऊ लागतो, पत्रा आकसतो आणि रंगाचे पोपडे निघतात. लाखभर डॉलरचं चित्र कपाटात बसल्या बसल्या लोणच्यासारखं वास मारू लागलं, तर मालकाची झोप उडणारच.

कॉमिकच्या पानांना हा रोग नाही. जाड कागद आणि चांगली काळी शाई शंभर वर्षं सहज टिकते. त्या पानांना धोका होता तो माणसांचा.

न्यूयॉर्कच्या कॉमिक कंपन्यांमध्ये छापून झालेली पानं गोदामात गठ्ठे बांधून पडायची. जागा अपुरी पडली की त्यांची विल्हेवाट लागायची. नील अ‍ॅडम्स या नावाजलेल्या चित्रकाराने पुढे अनेकदा सांगितलेली आठवण आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीसी' कंपनीच्या कचेरीत एक कर्मचारी मूळ पानांचे कटरवर तुकडे करताना त्याला दिसला. कंपनीच्या दृष्टीने ते नेहमीचं काम होतं. अ‍ॅडम्सने ते थांबवायला लावलं आणि तेव्हापासून मूळ पानं चित्रकारांना परत मिळावीत यासाठी तो सतत भांडत राहिला. याच काळात कचेरी पाहायला आलेल्या शाळकरी पोरांना एखादं पान भेट म्हणून देऊन टाकत. त्यांतली काही पोरं पुढे मोठी होऊन याच धंद्यात आली.

अपवाद एकच होता, विल्यम गेन्स. 'ईसी' ही त्यांची कंपनी. १९५०च्या दशकात तिच्या भयकथांच्या अंकांवर गदारोळ उठला, प्रकरण अमेरिकी सिनेटच्या समितीपर्यंत गेलं, अंक बंद पडले, उरलं ते 'मॅड'. पण गेन्स यांनी त्या बंद पडलेल्या अंकांची जवळजवळ सगळी मूळ पानं नीट बांधून, कुलूपबंद करून ठेवली होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून रस कॉक्रन यांच्यामार्फत त्यांचे लिलाव झाले. आज त्या चित्रकारांचं काम मूळ स्वरूपात पाहता येतं, ते एका प्रकाशकाला कागद टाकवत नव्हता म्हणून.

आता जॅक कर्बी यांच्याकडे वळू. या सगळ्या इतिहासातला सर्वांत कडू घास त्यांच्या वाट्याला आला.

कर्बींचा जन्म १९१७चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतला. खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. तरुणपणी त्यांनी फ्लायशर स्टुडिओत 'पॉपाय'च्या कार्टूनसाठी मधली मधली चित्रं भरायचं काम केलं. कारखान्यातल्या पट्ट्यासारखी ती टेबलांची रांग त्यांना मुळीच आवडली नाही. जो सायमन यांच्याबरोबर त्यांनी 'कॅप्टन अमेरिका' उभा केला. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतो आणि त्या वेळी अमेरिका अजून युद्धात उतरलेलीही नव्हती. पुढे कर्बी स्वतः सैनिक म्हणून फ्रान्समध्ये लढले. १९६१मध्ये 'मार्व्हल'साठी 'फँटॅस्टिक फोर' आला आणि मग हल्क, थॉर, एक्स-मेन, ब्लॅक पँथर अशी रांग लागली. संपादक-लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. घराच्या तळघरात बसून ते रात्र रात्र काढत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एकेका वर्षात हजाराहून अधिक पानं त्यांनी पेन्सिलने काढली. मोबदला दर पानामागे ठरलेला. पान दिलं, पैसे घेतले, व्यवहार संपला. हक्क नाही, रॉयल्टी नाही, पेन्शन नाही.

मार्व्हलची काम करण्याची एक खास पद्धत होती. आधी पूर्ण संहिता लिहून चित्रकाराला द्यायची, असं तिथे होत नसे. कथेविषयी थोडंफार बोलणं व्हायचं, कधी फोनवर. मग कर्बी अख्खी गोष्ट वीस-बावीस पानांत स्वतः मांडत आणि प्रत्येक चौकटीत काय चाललंय, कोण काय म्हणतंय, ते समासात पेन्सिलने लिहून ठेवत. ती पानं ली यांच्याकडे गेली की ते फुग्यांतले संवाद लिहीत. छापील अंकावर नावं यायची ती अशी: लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. १९६६च्या 'फँटॅस्टिक फोर'च्या अठ्ठेचाळिसाव्या अंकाची पानं आली, तेव्हा त्यांत अवकाशात सर्फबोर्डवरून उडणारी एक चंदेरी आकृती होती. तिच्याविषयी आधी काहीच बोलणं झालेलं नव्हतं, हे स्वतः ली यांनीच पुढे अनेकदा सांगितलं. हाच तो प्रसिद्ध 'सिल्व्हर सर्फर'.

छपाईच्या वेळी चौकटीबाहेरचा समास कापला जाई. त्यामुळे कर्बींची ती पेन्सिल अंकात कधी उतरलीच नाही. कोट्यवधी वाचकांनी छापील पान पाहिलं, समास कुणीच पाहिला नाही. तो फक्त मूळ कागदावर राहिला. लिलावातल्या आकड्यांपलीकडे मूळ पानांचं महत्त्व काय, असं कुणी विचारलं तर मी या समासाकडे बोट दाखवीन. गोष्ट कुणी रचली या वादात प्रत्येक पक्षाच्या आठवणी वेगळ्या आहेत. माणसं म्हातारी झाली, मुलाखतींमधून बोलणं बदलत गेलं. पण १९६०च्या दशकात काम चालू असताना, कुणालाही पटवून द्यायचं नसताना लिहिलेल्या त्या दोन-दोन ओळी तशाच आहेत. इतिहासकाराला यापेक्षा चांगला कागद क्वचितच मिळतो.

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत डीसी आणि मार्व्हल या दोन्ही कंपन्यांनी नव्या कामाची मूळ पानं चित्रकारांना परत द्यायला सुरुवात केली होती. राहिली ती जुनी, १९६०च्या दशकातली. कर्बी १९७८मध्ये मार्व्हल सोडून गेले आणि अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत रुजू झाले. तरुणपणी ज्या कामाला विटले होते, त्याच धंद्याने म्हातारपणी त्यांना बरा पगार आणि वैद्यकीय विमा दिला.

१९७८च्या जानेवारीत अमेरिकेत नवा कॉपीराइट कायदा लागू झाला. जुने हक्क ठरावीक वर्षांनंतर मूळ कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना परत मागता येतील, अशी वाट त्याने उघडली. अर्थात काम नोकर म्हणून, मालकाच्या सांगण्यावरून केलेलं असेल तर नाही. म्हणून कंपन्यांना चित्रकारांच्या सह्या हव्या होत्या: मी हे काम तुमच्यासाठीच केलं, माझा काही हक्क नाही. १९८४मध्ये मार्व्हलने जुन्या चित्रकारांना पानं परत द्यायचं ठरवलं, तेव्हा सोबत असं एक पत्र सहीसाठी पाठवलं. इतरांना पाठवलेलं पत्र एका पानाचं होतं. कर्बींना पाठवलेलं चार पानांचं. त्यात कॉपीराइटवर कधीही दावा सांगायचा नाही, परवानगीशिवाय ही पानं जाहीर प्रदर्शनात मांडायची नाहीत, असल्या अटी होत्या. आणि या सगळ्याच्या बदल्यात यादीत पानं होती ८८. ज्या माणसाने कंपनीसाठी दहा हजारांहून अधिक पानं काढली, त्याला ८८.

कर्बींनी सही केली नाही.

इथे कंपनीची बाजूही पाहायला हवी. इतर चित्रकार सही करून पानं घेऊन गेले होते. कर्बींनी मात्र ही पात्रं आपण घडवली असं जाहीरपणे म्हटलेलं होतं, आणि एवढ्या पात्रांवर ज्यांची सगळी मिळकत उभी आहे, ते घाबरणारच. वकिलांनी आपलं काम केलं. पण म्हाताऱ्या चित्रकाराचे कागद ओलीस ठेवून त्याच्याकडून हक्काचं पाणी सोडून घ्यायचं, हे कायद्यात कितीही बसलं तरी शोभेचं नव्हतं. त्यातच, कर्बींना जी पानं गोदामात नाहीत असं सांगितलं जात होतं, तसली त्यांची पानं कॉमिकच्या मेळाव्यांमध्ये टेबलावर मांडून खुलेआम विकली जात होती. गोदामातून वर्षानुवर्षं पानांना पाय फुटत होते.

'द कॉमिक्स जर्नल' या नियतकालिकाने हे प्रकरण लावून धरलं. १९८६मध्ये शेकड्याहून अधिक व्यावसायिक चित्रकार-लेखकांनी कर्बींच्या पाठिंब्याच्या निवेदनावर सह्या केल्या. फ्रँक मिलर, अ‍ॅलन मूर यांच्यासारखे ऐन भरातले लोक उघड बोलले, म्हणजे ज्यांच्या नावावर कंपन्यांचे अंक खपत होते तेच. अखेर १९८७मध्ये मार्व्हलने अटी सौम्य केल्या. कर्बींनी सही केली आणि सुमारे १,९०० पानं त्यांच्या घरी आली. पाचातलं एक. उरलेली काही इंकरांच्या वाट्याची होती, कारण शाई करणाऱ्यालाही पानांचा हिस्सा मिळायची प्रथा आहे. काही नष्ट झाली होती, काही लोकांच्या भिंतींवर होती.

संग्राहकांविषयी माझं मत इथे दुभंगतं. ज्यांनी गोदामातून पानं उचलली त्यांना चोर म्हणायला जीभ कचरत नाही. पण त्यांनी आणि भेट म्हणून पान घेऊन गेलेल्या पोरांनी ती जपली नसती, तर त्यांतली कितीतरी कटरखाली गेली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एका पानाची हकीकत मला यात आवडते. 'हल्क'च्या १९७४च्या १८०व्या अंकाच्या शेवटच्या पानावर वुल्व्हरिन हे पात्र प्रथम दिसतं. चित्रकार हर्ब ट्रिंप यांनी ते पान १९८३मध्ये एका तरुण चाहत्याला सहज देऊन टाकलं. २०१४मध्ये ते ६ लाख ५७ हजार २५० डॉलरला विकलं गेलं, आणि त्या चाहत्याने त्यातली बरीचशी रक्कम गरजू कॉमिक चित्रकार-लेखकांना मदत करणाऱ्या 'हीरो इनिशिएटिव्ह' या संस्थेला द्यायचं ठरवलं. त्याच्यावर तसं कुठलंही बंधन नव्हतं.

सगळेच चित्रकार आपल्या पानांसाठी झुरत होते, असंही नाही. स्पायडरमॅनचे मूळ चित्रकार स्टीव्ह डिट्को हे अगदी वेगळ्याच मुशीतले. प्रसिद्धीला पाठ, मुलाखती नाहीत. त्यांच्या स्टुडिओत गेलेल्या एकाने सांगितलंय की, डिट्को आपलीच जुनी मूळ पानं कागद कापताना खाली ठेवायला वापरत होते आणि त्यांवर सुरीचे चरे पडलेले होते. छापलं गेलं तेच काम, बाकी सगळा कागद, अशी त्यांची धारणा असावी. २००८मध्ये एका निनावी दात्याने 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकाची सगळी २४ मूळ पानं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट दिली. ऑगस्ट १९६२चा हा अंक, स्पायडरमॅनचा जन्म याच अंकातला. बाजारात आली असती तर या पानांनी काय किंमत खाल्ली असती याचा अंदाज डॅलसच्या त्या एका पानावरून येईल. ती आता देशाच्या ग्रंथालयात आहेत, कुणाच्या तिजोरीत नाहीत.

कर्बी १९९४मध्ये गेले. २००९मध्ये त्यांच्या मुलांनी नव्या कायद्याखाली हक्क परत मागणाऱ्या नोटिसा पाठवल्या. न्यायालयांनी २०११मध्ये आणि अपिलात २०१३मध्ये मार्व्हलच्या बाजूने कौल दिला: काम कंपनीसाठी केलेलं होतं. समासात कुणाचं अक्षर होतं, या प्रश्नाने तिथे काही ठरणार नव्हतं. कायद्याचा प्रश्न कल्पना कुणाची हा नव्हताच, काम कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणाच्या खर्चाने झालं, एवढाच होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना सप्टेंबर २०१४मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. त्यानंतर मार्व्हलच्या अंकांत आणि चित्रपटांत कर्बींचं नाव ठळकपणे येऊ लागलं.

आता अनेक चित्रकार थेट पडद्यावर काढतात, तिथे मूळ कागदच नसतो. काही जण पडद्यावर कच्चं चित्र काढून ते फिकट निळ्या रंगात जाड कागदावर छापून घेतात आणि त्यावर हाताने शाई फिरवतात. मेळाव्यात विकायला पान हातात असावं, हेही त्यामागचं एक कारण. छापील अंकाच्या मानधनापेक्षा कधी कधी त्या पानाचेच जास्त मिळतात.

कर्बींची जुनी पानं आज जगभर विखुरलेली आहेत. त्यांच्या नावाने २००५मध्ये सुरू झालेलं 'जॅक कर्बी म्युझियम अँड रिसर्च सेंटर' ही पानं विकत घेण्याच्या फंदात पडत नाही. तेवढे पैसे आणणार कुठून? त्यांनी वेगळा मार्ग धरला आहे. ज्यांच्याकडे पान आहे त्यांना ते विनंती करतात, मेळाव्यांमध्ये स्कॅनर घेऊन बसतात. मालकाने पान आणायचं, ते मोठ्या आकारात स्कॅन करून घ्यायचं आणि पान लगेच परत न्यायचं. पान स्कॅन होतं ते पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत, समासासकट.